डॉक्टरीणबाईंच्या चार गाड्या

"आजपासून गाडी चालवायची नाही," असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी बायकोला सांगितलं, तेव्हा तिची गाडी खाली दवाखान्याच्या आवारात उभी होती आणि किल्ली तिच्या पर्समध्ये होती. तासाभरापूर्वी तीच मला घेऊन आली होती. वाटेत एका वळणावर तिने जरा उशिरा ब्रेक लावला, पण तिकडे मी फारसं लक्ष दिलं नव्हतं.

डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. डॉक्टर म्हणाले, "बाजूचं दिसत राहील. समोरचं पुसट होत जाईल. इंजेक्शनं देऊ, वेग कमी होईल. पण स्टिअरिंग सोडायचं."

तिने दोन-तीन प्रश्न विचारले, तेही असे की जणू एखाद्या म्हशीच्या डोळ्याबद्दल सहकाऱ्याचं मत घेते आहे. मग आम्ही जिना उतरलो. गाडीपाशी आल्यावर सवयीने ती उजवीकडे वळली, मी डावीकडे. मध्ये गाडीचं छप्पर होतं, आणि त्याच्यावरून आम्ही एकमेकांकडे बघत उभे राहिलो.

"आता?" ती म्हणाली.

मला गाडी येत नाही. कधीच आली नाही. गाडी तिथेच ठेवून आम्ही टॅक्सीने घरी आलो.

मी कवळ्या बनवतो. शहरातले दातांचे डॉक्टर साचे पाठवतात, मी मागच्या खोलीत बसून मेणावर दात बसवतो. घर सोडावं लागत नाही. बायको जनावरांची डॉक्टर. चौतीस वर्षं सगळा तालुका पायाखाली, खरं तर चाकाखाली घातला. लोक तिला डॉक्टरीणबाई म्हणतात आणि मला डॉक्टरीणबाईंचे मिस्टर. त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. तिच्या शेजारच्या सीटवर बसून मी जेवढं जग पाहिलं, तेवढं मागच्या खोलीच्या खिडकीतून दिसलं नसतं.

चार दिवसांनी मेकॅनिक गाडी घेऊन आला. आमच्या चारही गाड्या याच माणसाच्या हातून गेलेल्या. त्याने किल्ली टेबलावर ठेवली, चहा घेतला आणि मुद्द्याचं बोलला.

"गिऱ्हाईक आहे. चांगली राखलेली गाडी आहे, हातोहात जाईल. उभी ठेवाल तर बॅटरी बसेल, टायर कडक होतील."

"विचार करते," बायको म्हणाली आणि आत गेली. तिला आत काहीही काम नव्हतं.

त्यानंतर आठवडाभर आमच्या घरात गाड्यांशिवाय दुसरा विषय नव्हता. एखादं माणूस गेल्यावर जसं बोलत बसतात, तसं.

पहिली गाडी हिरवी, तिसऱ्या हाताची, दोन दारांची. तिचं नाव पोपट. लेक पोटात होती तेव्हा बायकोला स्टिअरिंग आणि पोट यांच्यामध्ये एक वीतसुद्धा जागा राहिली नव्हती, तरी आठव्या महिन्यापर्यंत ती पोपटातून फिरली. मागच्या सीटवर कधी कोकरू, कधी टोपलीत कोंबड्या. पोपटाची काच वर-खाली करायची दांडी एकच होती, ती दोन्ही दारांना आळीपाळीने लावायची. माझ्या बाजूला ऊन आलं की मी दांडी मागायचो. ती म्हणायची, "थांब, मला आधी हवा येऊ दे."

दुसरी गाडी म्हणजे कपाट. पांढरी, उंच, चौकोनी, मागून दोन दारं उघडणारी. अकरा वर्षं टिकली. तिच्यात शेळ्या बसल्या, वासरं बसली, लेकीच्या वर्गातली नऊ मुलं एका वेळी बसली. याच कपाटातून एका निवृत्त हेडमास्तरांची नवीकोरी कवळी पोचवायला मी निघालो होतो. मागे बायकोचा एक पेशंट होता, कुत्र्याचं पिल्लू. उतरताना बघतो तर डबी उघडी, आणि पिल्लू कवळीच्या दातांवर स्वतःचे दात आजमावून बघत होतं. हेडमास्तरांना मी सांगितलं की अजून चार दिवस लागतील, फिनिशिंग राहिलंय. बायको स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होती. तिचं कपाळ हॉर्नवर टेकलं, आणि सगळी गल्ली बाहेर आली.

तिसरी काळी, एका वकिलाकडून घेतलेली. तिचं नाव वकीलसाहेब. हॉर्न असा घोगरा की रस्त्यातल्या गाईसुद्धा अदबीने बाजूला व्हायच्या. वकीलसाहेबांतून आम्ही लेकीला कॉलेजच्या हॉस्टेलवर सोडलं. येताना दोघांत मिळून दहा वाक्यंसुद्धा बोललो नाही. एका पेट्रोल पंपावर थांबून बायकोने उगाचच चारही टायरमधली हवा बघितली.

वकीलसाहेबांच्याच काळात माझी आई पडली. बायको दुसऱ्या गावी बैठकीला आगगाडीने गेली होती. गाडी अंगणात होती, किल्ली खिळ्याला होती आणि आई न्हाणीघराच्या दारात. मी रस्त्यावर जाऊन येईल त्या गाडीला हात करत राहिलो. चाळीस मिनिटं गेली. आई वाचली, दोन वर्षं जगली, पण पुन्हा काठीशिवाय चालली नाही. चाळीस मिनिटांनी तसा फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले होते. डॉक्टरांना काय, ते म्हणणारच.

चौथी म्हणजे ही करडी. हिला नाव पडलंच नाही. घेतली तेव्हा लेक घरात नव्हती, आणि नावं ठेवण्याचं खातं तिच्याकडे होतं.

आठव्या दिवशी बायको म्हणाली, "मेकॅनिकला सांगते, घेऊन जा म्हणून."

मी म्हणालो, "थांब जरा. मी शिकतो."

तिने माझ्याकडे बघितलं, म्हणजे मान थोडी तिरकी करून, डोळ्याच्या कडेने. समोरचं बघायचं असेल तर आता तिला असंच बघावं लागे.

"त्रेसष्टाव्या वर्षी?"

"चौसष्टाव्याला आणखी अवघड जाईल."

मी शिकलो नव्हतो त्याला कारण होतं, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. निदान माझी तशी समजूत होती. लेक नऊ महिन्यांची असताना बायको मला पोपट शिकवत होती. लेक मागच्या सीटवर टोपलीत झोपलेली. चौथा-पाचवा दिवस असेल. तिच्या दवाखान्याच्या मागच्या उतारावर मी ब्रेक लावायला गेलो आणि गाडी थांबली नाही, सरळ कंपाउंडच्या भिंतीवर जाऊन आदळली. टोपली सीटवरून खाली घसरली. लेकीच्या कपाळावर टेंगूळ आलं, लिंबाएवढं. घाबरून ब्रेकऐवजी मी ॲक्सिलरेटर दाबला असणार, असं मी त्याच वेळी ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी बायकोला सांगितलं की पुन्हा या चाकाला हात लावणार नाही. आणि नाही लावला.

गाडी शिकवायला एक मुलगी यायची, आमच्या लेकीपेक्षा सात-आठ वर्षांनी लहान. तिच्या गाडीत तिच्या पायाशीही एक ब्रेक होता, त्यामुळे माझा जीव थोडा थाऱ्यावर राहायचा.

"काका, क्लच हळू सोडायचा. दारावरची बेल नाही ती, दाबली आणि सोडली."

"काका, गिअर बदलताना गिअरकडे बघू नका, तो कुठे जात नाही."

पंधरा दिवसांत मला सरळ रस्त्यावर गाडी येऊ लागली. वळणं जमत होती. चढावर मात्र पाय थरथरायचे. एकदा समोर अचानक सायकलवाला आला आणि मी तिच्या आधी ब्रेक लावला. गाडी बाजूला घ्यायला सांगून ती म्हणाली, "तुम्ही पहिल्या दिवशी म्हणालात ना, घाबरलात की ॲक्सिलरेटर दाबता म्हणून? मला नाही वाटत. मी शेकडो लोक शिकवलेत. तुमचा पाय घाबरला की ब्रेकवरच जातो. एकदाही चुकला नाही."

मला भलताच आनंद झाला. घरी येऊन मी बायकोला हे शब्दनशब्द सांगितलं. ती शर्टाचं बटण लावत होती, म्हणजे सुई हातात होती आणि बोटांनी भोक चाचपत होती. ती काही बोलली नाही. मला वाटलं, सुई ओवायच्या नादात आहे.

पहिल्या परीक्षेत मी नापास झालो. चढावर गाडी थांबवून पुन्हा पुढे न्यायची होती. गाडी मागे घसरू लागली, आणि मी सगळंच सोडून दिलं, पायही आणि हातही. परीक्षकाने हँडब्रेक ओढला. "काका, पुढच्या महिन्यात या," म्हणाला.

घरी आलो आणि किल्ली बायकोच्या पुढ्यात ठेवली.

"मेकॅनिकला फोन कर. माझ्या नशिबात गाडी नाही. ते त्या भिंतीपाशीच सिद्ध झालं होतं, मीच उगाच परत विचारायला गेलो."

ती खुर्चीवर बसली होती. बराच वेळ तिने किल्लीला हात लावला नाही.

"त्या दिवशी तुझं चुकलं नव्हतं," ती म्हणाली.

"असू दे गं. आता कशाला समजूत घालतेस?"

"समजूत घालत नाहीये. ऐक. पोपटाचा ब्रेक दोनदा दाबावा लागायचा. पहिल्यांदा दाबला की पाय नुसता खाली जायचा, दुसऱ्यांदा लागायचा. महिनाभर तसं चाललं होतं. मला सवय झाली होती, माझा पाय आपोआप दोनदा जायचा. मैदानावर हळू चालवताना तुला ते जाणवलं नाही, आणि मला सांगायचं राहिलं."

मी उभाच होतो.

"दुसऱ्या दिवशी मी गाडी दुरुस्तीला नेली. ब्रेकचं तेल गळत होतं. मेकॅनिकने दाखवलं मला."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"पहिल्या दिवशी लाज वाटली. पोरीला लागलं होतं, आणि दुरुस्ती मी टाळली होती. संध्याकाळी सांगू असं ठरवलं. तेवढ्यात तू म्हणालास, मी पुन्हा चाकाला हात लावणार नाही." तिने किल्ली जरा बाजूला सरकवली. "आणि मला बरं वाटलं."

"बरं वाटलं?"

"हो. या घरात सगळं दोघांचं होतं. भांडी, पलंग, पोरगी, पैसे. गाडी तेवढी माझी एकटीची होती. तू शिकला असतास तर वाटून घ्यावी लागली असती. मला ती वाटून घ्यायची नव्हती. मग वर्ष गेलं, दोन गेली. नंतर सांगायचं म्हटलं, तर इतके दिवस का नाही सांगितलं तेही सांगावं लागलं असतं."

मी मागच्या खोलीत जाऊन बसलो. टेबलावर एक अर्धवट कवळी होती. दिवा पेटवून त्यावर चाकू तापवला आणि तापलेला चाकू तसाच धरून ठेवला. भिंत आठवत नव्हती. न्हाणीघराचं दार आठवत होतं.

तीन दिवस मी कामापुरता बोललो. "जेवण झालं?" "झालं." "फोन आलाय." "घेतो." आमच्यात पहिल्यापासून अरे-तुरे, थट्टामस्करी चालायची. त्यामुळे हे तीन दिवस घरात कोणी परकं माणूस राहायला आल्यासारखे गेले. ती समजूत घालायला आली नाही. तिला चांगलं माहीत होतं की आली तर मी अधिक चिडेन. लेकीचा फोन आला तेव्हा आईशी बोलून झाल्यावर तिने मला विचारलं, "बाबा, काय झालंय? आई हो-नाही एवढंच बोलते."

"काही नाही. तुझ्या कपाळावरचं टेंगूळ आठवतं का तुला?"

"मी नऊ महिन्यांची होते, बाबा."

"हो, तेही खरंच."

तिसऱ्या दिवशी दुपारी मी खिडकीतून बघितलं तर ती अंगणात गाडी पुसत होती. दर आठवड्याला पुसायची, तशीच. समोरच्या काचेवर पक्ष्याची घाण पडली होती, बरोबर मध्यावर. तिने काचेच्या चारी कडा लख्ख केल्या, फडकं पिळलं, पुन्हा कडा पुसल्या. मधला डाग तिला दिसतच नव्हता. ती मागे सरून उभी राहिली आणि काम झाल्याच्या समाधानाने तिने फडकं दोरीवर टाकलं.

मी बाहेर गेलो. फडकं घेऊन डाग पुसला.

"राहिलं होतं का?" तिने विचारलं.

"थोडंसं."

आम्ही गाडीत जाऊन बसलो. मी स्टिअरिंगसमोर, ती शेजारी. गाडी चालू केली नाही.

"मला भिंतीचा राग नाही आला," मी म्हणालो. "गाडी तुला हवी होती, तर ठेवलीस. त्यात माझं काही गेलं नाही. पण आई पडली तेव्हा किल्ली खिळ्याला होती. मी ती हातात घेतली होती, माहीत आहे? घेतली आणि परत अडकवली. मला वाटलं, मी आईला आणखी कुठे नेऊन आपटेन."

ती रडली नाही. तिला पटकन रडू येत नाही. जनावरांच्या मालकांसमोर इतकी वर्षं काढली की तो नळ आटला असावा. पण तिचा चेहरा एवढासा झाला.

"किल्ली हातात घेतली होतीस, हे मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "बाकी सगळं माहीत आहे. बैठकीहून आले, आणि तू चाळीस मिनिटं म्हणालास, तेव्हाच मला भिंत आठवली. त्या आठवड्यात सांगणार होते. मग वाटलं, आता सांगितलं तर तू मला घरात ठेवणार नाहीस."

"ठेवलं असतं. बोललो नसतो, पण ठेवलं असतं."

"मग तेच वाईट."

समोर नुकतीच पुसलेली काच होती आणि काचेपलीकडे आमच्याच घराची भिंत. थोड्या वेळाने ती म्हणाली, "परीक्षा पुन्हा दे. माझ्यासाठी नको. तुला येते म्हणून दे."

मी माफ केलं का, असं कोणी विचारलं तर मला नीट सांगता येणार नाही. मेणावर दात बसवताना मध्येच तो खिळा आठवतो आणि हात थांबतो. मग ती पलीकडच्या खोलीत कशाला तरी धडकते, स्वतःशीच काहीतरी पुटपुटते, आणि मी उठून बघायला जातो. एवढंच खरं.

चढावरचा सराव तिनेच करून घेतला. शिकवणाऱ्या मुलीने जे तोंडाने सांगितलं होतं, ते तिने कानाने शिकवलं. "डोळे मिटून घे," म्हणायची. "गाडी उभी आहे, काही होत नाही. इंजिनचा आवाज ऐक. क्लच सोडत ये. आता आवाज जड झाला ना? गाईला कळ आल्यावर ती श्वास रोखते, तसा? तिथेच धर. आता हँडब्रेक सोड." मी गाईला कळ आलेली कपाटाच्या मागच्या दारातून एकदाच पाहिली होती, पण मला कळलं. दुसऱ्या परीक्षेत गाडी चढावरून बोटभरही मागे आली नाही. परीक्षकाने कागदावर सही केली आणि विचारलं, "कोणाकडे शिकलात?"

"दोघींकडे," मी म्हणालो.

पहिली फेरी तिच्या डोळ्याच्या इंजेक्शनसाठी. ताशी तीसच्या वर मी गेलो नाही. मागून हॉर्न वाजत होते. ती म्हणाली, "वाजवू दे, त्यांना दुसरं काय काम आहे?" हीच बाई आयुष्यभर हळू जाणाऱ्या प्रत्येक गाडीवर वकीलसाहेबांचा घोगरा हॉर्न सोडत आली होती.

दुसऱ्या फेरीला ती म्हणाली, "गावाबाहेर चल." घोडी पाळणारा एक जुना ओळखीचा होता. त्याच्या घोडीचा मागचा पाय सुजला होता. नवे डॉक्टर येऊन गेले होते, पण त्याचं समाधान नव्हतं. बायकोने आधी नाही म्हटलं होतं. "मला आता दिसत नाही," असं फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. तो म्हणाला, "बाई, तुम्ही कधी बघत होता? तुम्ही तर हातच लावायचा."

गेलो. मी गाडी कुंपणापाशी तिरकी का होईना उभी केली. ती घोडीच्या बाजूला गेली, आधी मानेवर हात ठेवला, मग पाठीवरून, मांडीवरून हळूहळू खाली, बोलत बोलत. घोडीने कान टवकारले आणि शांत झाली. गुडघ्याखाली एका ठिकाणी बायकोची बोटं थांबली, पुन्हा वर गेली आणि परत तिथेच आली.

"इथे गरम आहे. काटा गेलाय आत, जुना असणार. उद्या त्या डॉक्टरला बोलाव आणि इथे चीर द्यायला सांग. माझं नाव सांगू नकोस, त्याला वाईट वाटेल."

घोडीवाला माझ्याकडे वळला. मी गाडीला टेकून किल्ली बोटात फिरवत होतो, ती फिरवायची आता सवयच लागली होती.

"मिस्टर, तुम्ही चालवत आलात? ड्रायव्हर ठेवलाय असं वाटलं मला."

"ठेवलाच आहे," बायको हात धुता धुता म्हणाली. "उशिरा कामावर लागलाय, पण सरळ माणूस आहे."

परतताना फाटकातून गाडी उलटी काढायला मला सात वेळा पुढे-मागे करावं लागलं. घोडीवाला हातवारे करत होता, बायको काचेबाहेर डोकं काढून मागचा आवाज ऐकत होती, आणि दोघं एकाच वेळी उलटसुलट सांगत होते. शेवटी मी दोघांनाही गप्प बसायला सांगितलं आणि माझ्या मनाने चाक फिरवलं.